सोमवारचा अजिंठा

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, हे छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. तरीही ते मला गोळेगावच्या चहावाल्याने सांगितलं, आणि तेही नाशिकहून आलेल्या आतेभावाच्या देखत. आतेभाऊ, म्हणजे आमचे दादा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणं आणि कालवे सोडून त्यांनी आयुष्यात फारसं काही पाहिलेलं नाही, म्हणून मीच त्यांना आग्रहाने लेणी दाखवायला निघालो होतो. सप्टेंबर संपत आला होता. चहावाल्याने कप पुढे सारत विचारलं, “लेणीला चाललात का? आज तर सोमवार हाय.” दादा माझ्याकडे बघून काहीच बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

एवढं लांब येऊन परत फिरणं जिवावर आलं. दिल्ली दरवाज्यातून निघून हर्सूल, चौक्याचा घाट, फुलंब्री, सिल्लोड असा तो रस्ता. आणि ज्यांनी त्या रस्त्याचं काम चालू असतानाची वर्षं भोगली आहेत त्यांना त्याविषयी वेगळं सांगायला नको. तेव्हा ठरलं, लेणी नाहीत तर गाव पाहू. अजिंठा नावाचं गाव. मी लेण्यांना दहा-बारा वेळा तरी गेलो असेन, पण या गावात एकदाही उतरलो नव्हतो. घाट उतरण्याआधी उजव्या-डाव्या हाताला काही घरं, एक तट आणि एसटीचा थांबा दिसतो, तेवढीच काय ती ओळख.

गाव लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटर दूर आहे. लेण्यांच्या अगदी डोक्यावर, पठाराच्या काठाशी, लेणापूर नावाचं खेडं आहे. आता ज्या वस्तीचं नावच लेणापूर, तिथल्या लोकांना लेणी ठाऊक नव्हती आणि १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने ती ‘शोधली’, ही गोष्ट मला कधीच पचली नाही. लेण्यांना लेणापूरचं नाव मिळालं नाही, कारण साहेब लोकांचा मुक्काम असायचा तो अजिंठ्याच्या तटबंदीत. ते जिथे राहायचे त्या गावाचं नाव त्यांच्या कागदांवर चढलं आणि तिथून ते जगभर गेलं.

गावात शिरलो तर पहिला धक्का तटाचा. भक्कम दगडी तट, बुरूज, दरवाजे. पडझड बरीच आहे, कुठे तटाच्या चिऱ्यांचाच आधार घेऊन घराची भिंत उठवलीय, पण एवढ्याशा गावाला एवढा तट कशाला, हा प्रश्न पडतोच. उत्तर घाटात आहे. बुऱ्हाणपूर ते औरंगाबाद हा मुघलांचा राजमार्ग. उत्तरेकडून तापीचं खोरं ओलांडून येणाऱ्याला दख्खनचं पठार चढायचं असेल तर अजिंठ्याचा घाट ही सोयीची वाट होती. पायथ्याला फर्दापूरची सराई आणि माथ्यावर अजिंठ्याची. चढण्याआधी एक मुक्काम, चढल्यावर दुसरा. पुढे निजामाच्या अमदानीत, आसफजाहच्या काळात, या माथ्यावरच्या गावाला तटबंदीचं महत्त्व आलं. घाटाची किल्ली ज्याच्या हातात, त्याच्या हातात खानदेशाचा दरवाजा.

सराई अजून उभी आहे. मधे मोठं चौकोनी अंगण आणि चारी बाजूंनी कमानदार ओवऱ्या. प्रत्येक ओवरीपुढे छोटी पडवी, आत एक अंधारी खोली. दादा एका ओवरीत वाकून शिरले आणि भिंतीतल्या कोनाड्यावर हात फिरवून म्हणाले, “दिव्याची काजळी असेल का रे ही?” असेलही. तीनेकशे वर्षांत इथे किती व्यापारी, शिपाई आणि बैलांचे तांडे उतरले असतील त्याला गणती नाही. अंगणात त्या दिवशी दोन शेळ्या आणि क्रिकेट खेळणारी पोरं एवढेच प्रवासी होते. शेळ्यांना आम्ही आवडलो नाही.

इथून पुढची गोष्ट खरं तर आग्नेयेला पन्नासेक किलोमीटरवर सुरू होते. तिथे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. पण क्रम लावायचा तर आधी सांगायला हवं, की २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्यात लढाई झाली आणि तिच्यातले जखमी इंग्रज सैनिक याच अजिंठ्याच्या तटबंदीत आणून ठेवले होते. गावाचं इस्पितळ झालं. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा मुलूख शिंद्यांना सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. निजाम ईस्ट इंडिया कंपनीचा दोस्त, म्हणजे आता या डोंगरात कंपनीच्या अधिकाऱ्यांना मोकळं रान मिळालं. शिकारीचं रान, शब्दशः. एप्रिल १८१९ मध्ये मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला आला तो या पार्श्वभूमीवर. दहाव्या लेण्यात एका खांबावरच्या बोधिसत्त्वाच्या चित्रावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. ते अक्षर आज आपल्या डोक्याच्या वर दिसतं. कारण तेव्हा लेण्यात पुरुषभर गाळ साचला होता आणि साहेब त्या गाळावर उभा होता.

स्मिथ एका दिवसाचा पाहुणा. या गावात खरोखर राहिला तो रॉबर्ट गिल.

१८४४ मध्ये कंपनीने मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्याला लेण्यांमधल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. पुढच्या वर्षी तो आला आणि गावातल्या बारादरीत राहू लागला. तेव्हा त्याचं वय चाळिशीचं. रोज घोड्यावरून घाट उतरून लेण्यांत जायचं, अंधारात, वटवाघळांच्या वासात, मधमाश्यांच्या धाकात उभं राहून कॅनव्हासवर तैलरंगात मूळ चित्राएवढी नक्कल करायची. ही नोकरी पंधरा-वीस वर्षं चालली. काढलेली चित्रं लंडनला जात आणि सिडनमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली जात. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली आणि गिलचं बहुतेक सगळं काम जळून गेलं. मोजके कॅनव्हास तेवढे वाचले. नंतर १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि त्यातल्याही कितीतरी १८८५ च्या आगीत जळाल्या. दीड हजार वर्षं अजिंठ्याच्या अंधारात टिकलेली चित्रं, आणि त्यांच्या नकला लंडनला वीस-वीस वर्षंसुद्धा टिकल्या नाहीत. दादा म्हणाले, “मूळ नेली नाहीत हे नशीब.”

गिलने कॅमेराही हाताळला. १८६४ मध्ये फर्ग्युसनने भारतातल्या लेण्यांवर जे पुस्तक काढलं, त्यातली छायाचित्रं त्याची. पण गावाला तो ठाऊक आहे तो चित्रांमुळे नाही आणि छायाचित्रांमुळेही नाही. पारूमुळे.

“पारूची कबर कुठंय?” असं विचारल्यावर पानटपरीवरच्या चारही माणसांनी एकाच दिशेला हात केले. पहिल्यांदाच या प्रवासात कुणी ‘लेणी पुढं हाय’ असं म्हटलं नाही. कबर साधी आहे. दगडी चौथरा, त्यावर गिलने इंग्रजीत कोरून घेतलेला लेख: माझ्या लाडक्या पारूच्या स्मरणार्थ, मृत्यू २३ मे १८५६. एवढंच. आडनाव नाही, गाव नाही, जात नाही, वय नाही. म्हणून मग गावाने ते सगळं आपल्या मनाने भरलं. टपरीवर दोघांनी दोन कथा सांगितल्या. एकाच्या मते ती लेणापूरची, दुसऱ्याच्या मते तांड्यावरची. एकाच्या मते ती साथीत गेली, दुसऱ्याच्या मते गावाच्या रागाने. दोघांचंही मत एका गोष्टीवर जुळलं, की साहेब तिच्यामागे खचला. ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं ते याच दोघांवर. महानोरांचं पळसखेड घाटाखाली, सोयगाव तालुक्यात; म्हणजे त्यांना ही गोष्ट पुस्तकात शोधावी लागली नाही. पुढे २०१२ मध्ये त्यावर सिनेमाही आला. मला विचाराल तर त्या दोन ओळींच्या दगडासमोर उभं राहिल्यावर काव्य आणि सिनेमा दोन्ही थोडे जास्त बोलतात असं वाटतं.

गिल १८७९ च्या एप्रिलमध्ये वारला, आजारी अवस्थेत भुसावळला नेत असताना. त्याची कबर भुसावळला आहे. पारूची इथे. मधे अख्खा घाट.

दुपारी आम्ही पिंपळदरीच्या बाजूने पठाराच्या टोकाला गेलो. लेणी बंद असली तरी ती समोरच्या कड्यावरून दिसायला कुणाची परवानगी लागत नाही. पाऊस चांगला झाला होता. वाघूर नदी सातकुंडातून टप्प्याटप्प्याने खाली उडी घेत होती आणि नालेच्या आकाराच्या त्या दरीला वळसा घालून पुढे चालली होती. पलीकडच्या काळ्या कड्यात तीस लेणी ओळीने, एखाद्या चाळीच्या खोल्यांसारखी. आतून पाहताना प्रत्येक लेणं वेगळं जग वाटतं. इथून मात्र कळतं, की आधी नदीने बेसाल्टचा डोंगर कापून हा कडा उभा केला, आणि माणसाने त्याच्यावर फक्त पुढचं काम केलं. एक पोरगा गारगोट्या घेऊन आला. पांढरे, फिकट हिरवे, सुयांसारखे स्फटिक. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेले क्षार हळूहळू साचले आणि त्याचे हे स्फटिक झाले. विहीर खणताना निघतात, पोरगा म्हणाला. दादांनी एक घेतला, घासाघीस न करता; त्यांना मी पहिल्यांदाच असं काही विकत घेताना पाहिलं.

आणि मग त्यांच्यातला पाटबंधारेवाला जागा झाला. “तू उभा आहेस ते छपराचं पाखं आहे,” ते म्हणाले. “हे पाणी वाघूरमधून तापीला, तापीतून अरबी समुद्राला. आणि आपण सकाळी सिल्लोडकडून आलो ना, तिकडचं पाणी केळणेतून पूर्णेला, पूर्णेतून गोदावरीला आणि थेट बंगालच्या उपसागराला.” सातमाळ-अजिंठ्याची ही रांग म्हणजे घराचं आढं. अजिंठा गाव आढ्यावर बसलेलं आहे. पावसाचे दोन थेंब शेजारी-शेजारी पडून दोन समुद्रांना जातात, हे शाळेच्या भूगोलात मी शिकलो असणार. पण ते मला सोमवारी चूक केली म्हणून कळलं.

रात्र सिल्लोडला काढली आणि मंगळवारी, लेणी उघडी असताना, आम्ही त्यांच्याकडे पाठ करून पूर्वेला निघालो. दादांचाच हट्ट. आता त्यांना असईच्या लढाईत ‘तो इंग्रज नदी कुठे उतरला’ ते पाहायचं होतं.

वाटेत अन्वा. गावाच्या मधोमध बाराव्या शतकातलं देऊळ, लोक त्याला मढ म्हणतात. आज शिखर नाही, पण सभामंडपाचे खांब आणि बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती पाहायला अर्धा दिवसही पुरायचा नाही. आत शिवलिंग आहे, पण बाहेर सगळं विष्णूचं. आणि तेही सरळ विष्णू नव्हे. शंख, चक्र, गदा, पद्म धारण केलेल्या स्त्रीमूर्ती: विष्णूची शक्तिरूपं. आयुधांचा क्रम बदलत जातो तसं रूप बदलतं, केशव, नारायण, माधव अशा चोवीस नावांच्या हिशेबाने. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकर यांनी या मूर्तींविषयी लिहिलं आहे. अशी देवळं महाराष्ट्रात विरळा. हे देऊळ एखाद्या मोठ्या रस्त्यावर असतं तर बाहेर नारळाची दुकानं लागली असती. इथे ओट्यावर मिरच्या वाळत होत्या.

मिरची हा या पट्ट्याचा खरा मामला. अजिंठा म्हटलं की बाहेरच्याला पद्मपाणी आठवतो, सिल्लोड-भोकरदनच्या शेतकऱ्याला आठवतो मिरचीचा भाव. कपाशी आणि मका आहेतच, पण पावसाळ्यात रोख पैसा देते ती हिरवी मिरची. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार या भागात प्रसिद्ध आहे. म्हणून वाट थोडी वाकडी करून तिकडे गेलो. दुपार कलली की टेम्पो, ट्रॅक्टर, मोटारसायकलवर आडवी टाकलेली पोती असं सगळं येऊ लागतं. व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर मिरची काढतो, एक मोडतो, देठ पाहतो, आणि भाव सांगून पुढच्या पोत्याकडे जातो. सगळं दहा सेकंदात. ज्वेलरी, पिकेडोर, शिमला ही वाणांची नावं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कापडदुकानात आल्यासारखं वाटतं. रात्री ट्रक भरून माल परराज्यांत जातो. तोडणी सगळी बायांच्या हातची. एकीने हात पुढे करून दाखवला: बोटांच्या टोकांची साल गेलेली. “रातीला लेकराला हात लावता येत न्हाई,” ती म्हणाली आणि हसली. दादांना तिथे शिंकांची लागण झाली ती भोकरदन येईपर्यंत.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची-भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावं कोरलेली आहेत. उत्खननात इथे सातवाहन काळातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली आहे, आणि पाँपेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे इंग्रज, मुघल, निजाम यांच्या कितीतरी आधी या मातीतला माल समुद्रापार जात होता. दहावं लेणं खोदलं गेलं तेही साधारण सातवाहनांच्याच काळात. व्यापारी, घाट, भिक्षू आणि दान हे सगळं एकाच वाटेवर.

असई हे भोकरदन आणि जाफ्राबादच्या मधलं एक साधं खेडं. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. त्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचं सैन्य उतरलं होतं. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन नावाचा हानोवरचा जर्मन, आणि शंभरच्या आसपास तोफा. समोर आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. त्याच्याकडे माणसं कितीतरी कमी. मधे केळणा. वाटाड्यांनी सांगितलं, इथे उतार नाही. वेलस्लीने पाहिलं, नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत, पिंपळगाव आणि वरूड. त्याने तर्क केला, एवढ्या जवळची दोन गावं येण्याजाण्याची सोय असल्याशिवाय वसणार नाहीत. उतार होताच. सैन्य नदी पार झालं.

दादा काठावर बराच वेळ उभे राहिले. गुडघाभर पाणी, पलीकडे मका, एक म्हैस पाण्यात बसलेली. “बरोबर आहे,” ते अखेर म्हणाले. “उतार आधी, गाव नंतर. आम्ही पूल बांधायची जागा अशीच बघायचो.” आणि जरा थांबून, “आपल्या लोकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. उतारावर तोफा लावायच्या राहिल्या.”

पुढे जे झालं ते भीषण होतं. पोलमनने पलटणींचं तोंड झटकन फिरवलं, तोफांनी इंग्रजांच्या उजव्या बगलेची दाणादाण उडवली. वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, मराठ्यांची त्याहून अधिक. तोफा मात्र इंग्रजांनी नेल्या, अठ्ठ्याण्णव. वेलस्लीने म्हातारपणी वॉटर्लूपेक्षा असईचीच लढाई आपली सर्वांत चांगली मानली. तिचं नाव इंग्रजांनी जपून ठेवलं: बंगळुरूच्या उलसूर भागात असई रोड आहे, आणि इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात टिडवर्थ नावाचं जे खेडं पुढे लष्करी छावणी बनलं, तिथल्या एका बराकीला असईचं नाव दिलं गेलं. विल्टशरच्या कुरणात रोज कवायत करणाऱ्या किती सोजिरांना ठाऊक असेल, की असई म्हणजे मका आणि म्हशी.

लढाईच्या मैदानात आज पाहण्यासारखं काय, असं विचाराल तर शेतं. नांगराला अधूनमधून गोळा लागायचा असं म्हातारी माणसं सांगतात. आम्हाला कुणी दाखवला नाही. परतीच्या वाटेवर राजूरच्या गणपतीला हात जोडले आणि अंधार पडताना शहरात आलो. दादांनी लेणी अजून पाहिलेली नाहीत.

तुम्हाला हा फेरा करायचा असेल तर पावसाळा संपता संपता करा, २३ सप्टेंबरच्या आसपास. अजिंठ्याच्या गावात दोन तास ठेवा, पारूची कबर कुणीही दाखवेल. आणि असईला केळणेत पाणी असतानाच जा. उन्हाळ्यात नदी कोरडी असली की उतार कुठला आणि डोह कुठला ते कळत नाही.